नवमीला बसवलेल्या बॅटऱ्या

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं नेहमीचं काम म्हणजे बॅटऱ्यांत पाणी घालणं.

खंडेनवमीची सकाळ होती. आतल्या खोलीत खिडकीखाली लाकडी पाटावर दोन बॅटऱ्या, ट्रकच्या. एकेकीला सहा झाकणं. मी झाकण फिरवून काढायचो, ती टॉर्च धरून वाकायची, आणि मी झारीनं डिस्टिल्ड वॉटर सोडायचो. पाणी आत कुठवर आलं ते मला चष्मा लावूनही दिसायचं नाही. तिला दिसायचं.

"अजून. अजून थोडं. बस!"

"इतक्यात?"

"बस म्हणलं ना. मागच्या वेळी उतू घातलंत आणि पाट जाळलात. पाट काय तुमच्या वडिलांचा होता?"

पाट माझ्या वडिलांचाच होता. पण सणासुदीला सकाळी सकाळी कोण तिच्या तोंडी लागणार.

बारावं झाकण झालं तशी ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, मध्ये एकदा थांबून. धाप लागली होती तिला. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "हात सोड्यानं धुवा आधी. तसेच कशाला लावू नका, आणि मला तर बिलकुल नको." हे ती दर वेळी म्हणायची. बॅटरीचं काम म्हणजे तेजाबाचं काम. बोटांना लागलेलं कळत नाही, पण कापड खातं ते. तिच्या तीन साड्यांना माझ्या बोटांची भोकं होती. एक तर पोरीच्या लग्नातली होती.

मी शिकलेला माणूस नाही. चौथी केली आणि सुटलो. आमच्याच शहरात हजीऱ्याला माझं बॅटरीचं दुकान होतं. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले बॅटरी आणून टाकायचे, मी चार्ज करून द्यायचो, मेलेल्या प्लेटा बदलायचो. शिकलेली ती. खासगी बाजारच्या गल्लीत आमच्या वरच्या दोन खोल्यांत तिनं वीस वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला. हिंदी टायपिंग. लष्कर भागातले किती बाबू तिच्याकडून बोटं शिकून गेले, त्याला हिशेब नाही. मग काँप्युटर आला आणि टाइपरायटरवर कोणी बसेना. तिनं पन्नाशी उलटल्यावर काँप्युटर शिकून घेतला, यंत्रं विकली, एक तेवढं माळ्यावर ठेवलं. मी म्हणलं, हे लोखंड कशाला? ती म्हणाली, तुम्हाला नाही का ठेवलं.

काँप्युटर घरात आला आणि थोड्याच दिवसांत राज्याचे दोन तुकडे झाले. बिजलीघरं बरीचशी तिकडच्या वाट्याला गेली, आणि इकडे राहिली कटौती. लाइट सकाळी जायची, दुपारी जायची, आणि संध्याकाळी यायच्या वेळी परत जायची. पेपरात वेळा छापून यायच्या, पण लाइटला काय पेपर वाचता येतो? बाजारात जनरेटर लागले. गल्ली धुरानं भरली, आणि दोन दुकानदार बोलायचे तर एकमेकांच्या कानात ओरडायचे.

तिचा काँप्युटर मात्र बंद पडत नव्हता. ते माझं काम. लोक इन्व्हर्टर बसवायचे तो असा की लाइट गेली म्हणजे तो जागा होणार. जागा व्हायला त्याला अर्धा क्षण लागतो, आणि त्या अर्ध्या क्षणात काँप्युटर मरतो. पंख्याला, बल्बला काही होत नाही, काँप्युटरला ते चालत नाही. मी हे दोन दिवस बघितलं आणि वायरिंगच बदललं. काँप्युटर घरच्या लाइटवरून तोडूनच टाकला. तो कायम बॅटरीवर. लाइट असेल तेव्हा चार्जर बॅटरी भरत राहणार, नसेल तेव्हा नाही भरणार. वर काँप्युटरला लाइट आली-गेली हे माहीतच पडणार नाही. इंजिनियर लोकांनी हसून घेतलं, बॅटरी लवकर खराब होईल म्हणाले. होऊ दे. बॅटरीचं दुकान माझं होतं.

एकदा अर्ज टाइप करायला आलेला एक बाबू बघतच राहिला. सगळ्या गल्लीत अंधार आणि हिचा पडदा निळा उजळलेला. म्हणाला, "काकी, आपके यहाँ बिजली का तीसरा राज्य बना है क्या?"

ती म्हणाली, "हाँ भैया, और राजा वो बैठे हैं, हाथ में झारी लेकर."

मी राजासारखाच बसलो होतो. खोटं कशाला सांगू, छाती फुगली होती माझी. आणि त्याच फुगण्यात एक गोष्ट झाली ती मला तेव्हा दिसली नाही. बाकी सगळे टायपिंगवाले दर चार ओळींना लिहिलेलं सेव्ह करायचे, कारण लाइट कधी जाईल ह्याचा पत्ता नाही. तिला ती सवय लागलीच नाही. सबंध अर्ज लिहून व्हायचा, मग ती सेव्ह करायची. कोणी टोकलं तर म्हणायची, "आमच्याकडे नाही जात." माझ्याकडे बघून म्हणायची.

आता यादीचं सांगतो.

राज्याचे तुकडे झाले तसे नोकरांचेही झाले. कोण इकडे राहणार, कोण तिकडच्या नव्या राज्यात जाणार, ह्याच्या याद्या निघायला लागल्या. ज्याचं नाव तिकडच्या यादीत, त्यानं हरकत असेल तर अर्ज करायचा. म्हणून तिच्याकडे रांग. मास्तर, पटवारी, कंपाउंडर, आणि सगळ्यांचा अर्ज एकच, मला इथंच ठेवा. कोणाचं शेत इथं, कोणाचा बाप अंथरुणात. ती कारणं नीट लावून द्यायची. रडगाणं काढून टाकायची, म्हणायची, साहेबाला रडं वाचायला वेळ नसतो, एका ओळीत दुखणं सांगा.

मला हे सगळं माझ्या वडिलांवरून माहीत होतं. वडील दरबारच्या फौजेत शिपाई. आमचं घराणंच दक्षिणेतून फौजेबरोबर आलेलं, दुसरं काही येत नव्हतं कोणाला. संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा मैदानात उभं करून यादी वाचली. ज्यांची नावं आली ते मोठ्या फौजेत गेले, बाकीचे घरी. वडील बाकीच्यांत. बंदूक जमा केली, बिल्ला जमा केला. कमरेचा पट्टा कोणी मागितला नाही म्हणून तो घरी आला. त्यानंतर मरेपर्यंत दर खंडेनवमीला वडील तो पट्टा तेल लावून पाटावर ठेवायचे आणि हळदकुंकू वाहायचे. शस्त्रपूजा! शस्त्र नाही, पट्टा. आणि नियम पक्का. पूजा झाली की हत्यार बसलं. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आई त्यांना म्हणायची, "पट्टा कोणावर चालवणार आहात?" तर ते चिडून जेवायचे नाहीत.

वडील गेले, पट्टा उंदरांनी खाल्ला. पाट राहिला. त्या पाटावर मी माझी हत्यारं पुजायला लागलो. पकड, पाना, तेजाब मोजायची काचेची नळी, आणि घरात बॅटऱ्या आल्या तशा त्याही. नवमीला तारा काढायच्या, टोकं सोड्याच्या पाण्यानं घासायची, ग्रीस लावायचं, हळदकुंकू, झेंडू. त्या दिवशी काँप्युटर बंद. सणाला कोणाचं काम असतं?

त्या वर्षी होतं.

आमची पोरगी मुरारच्या सरकारी दवाखान्यात नर्स. एकुलती एक. तिचं नाव तिकडच्या यादीत आलं. ती आता तिकडेच असते, नव्या राज्यात, वर्षातून एकदा येते. पण तेव्हा अजून काही ठरलं नव्हतं. अर्ज करायचा होता, आणि तिच्या आईला वाटत होतं की अर्ज मंजूर होणार, कारण तिच्याकडे कारण होतं. कारण ती स्वतःच. तिचं हृदय दोन वर्षांपासून कमजोर होतं. डॉक्टरांनी बादली उचलू नका म्हणून सांगितलं होतं. त्याचा दाखला काढून ठेवला होता. आजारी आईला बघणारी एकच मुलगी, ती इथं पाहिजे. एका ओळीचं दुखणं.

अकरा अर्ज होते एकूण. शेवटची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दसऱ्याला दुपारच्या गाडीनं एक मास्तर सगळ्यांचे अर्ज घेऊन भोपाळला जाणार होता. दहा अर्ज अष्टमीपर्यंत छापून, टाचणी लावून तयार. घरचा राहिला होता. तिची ती रीत होती. वाढतानाही घरच्यांना शेवटी.

तर नवमीला पाणी घालून झालं, मी हात धुतले, आणि तारा काढायला पाना घेतला. ती म्हणाली, "अहो, आजच्या दिवस राहू द्या ना ह्यांना. पोरीचा अर्ज लिहायचाय मला."

"लाइट आहे की. घरच्या लाइटवर लिही. मी तार ओढून देतो."

"गेली म्हणजे?"

"दोन वाजेपर्यंत नाही जाणार. पेपरात आहे."

"आता तुम्ही पेपर वाचायला लागलात?"

"एक दिवस बसू दे त्यांना. वर्षभर राबतात."

ती हसली. म्हणाली, "मी पण राबते. मला नाही बसवत कोणी."

मी तारा काढल्या. काँप्युटरला घरच्या लाइटची तार दिली. बॅटऱ्या घासून पुसून पाटावर पूजा मांडली. तिनं स्वतः उठून हळदकुंकू लावलं, बॅटऱ्यांना आणि मला. मग लिहायला बसली.

अकराला लाइट गेली.

मी बाहेर जायला चपला घालत होतो. आतून काही आवाज आला नाही. गेलो तर ती काळ्या पडद्यासमोर बसलेली, बोटं अजून की-बोर्डवर. "तीन पानं झाली होती," म्हणाली. "सहीची जागा तेवढी राहिली होती."

"सेव्ह नाही केलं?"

तिनं पाटावरच्या बॅटऱ्यांकडे बोट केलं.

मग म्हणाली, "बॅटरी जोडून द्या."

आणि मी नाही म्हणलं. मी म्हणलं, पूजा झालीय, हत्यार बसलंय, आता उद्या. उद्या सकाळी पूजा करून जोडून देतो, गाडी दुपारी आहे, तासाभरात लिहून होईल. लाइट यायची तर आजही येईल.

"आणि उद्या काही झालं म्हणजे?"

"काय होणारे उद्या? वडील कधी मोडले नाहीत हे."

"तुमच्या वडिलांचं काय बिघडत होतं! पट्टा होता तो."

हे तिनं बोलायला नको होतं. आईच्या तोंडचं ते वाक्य, मला लागलं. मी पिशवी घेतली आणि निघालो. दोन तारा जोडायच्या होत्या. पाच मिनिटांचं काम. पाना तिथं पाटावरच होता, झेंडूखाली.

हजीऱ्याला दुकानाची पूजा केली. शेजारच्या पंक्चरवाल्यानं पेढा दिला, चहा सांगितला. मी बसलो. राग होता म्हणून बसलो. घरी जायला उशीर केला म्हणजे तिला कळेल, असं काहीतरी डोक्यात होतं. येताना झेंडू घेतले, सोनं लुटायला आपट्याची पानं घेतली. जिना चढताना पाच वाजले असतील. वरून टाइपरायटरचा आवाज येत नव्हता, पण तो येत असेल असं मला वाटलंही नव्हतं. ते यंत्र तर माळ्यावर होतं.

ते खाली होतं. टेबलावर. माळ्याखाली स्टूल, स्टुलावर पाट. पूजेचा नाही, जेवायचा. ते लोखंड दोन माणसांनी उचलायचं असतं. तिनं एकटीनं काढलं होतं. काढून, धूळ पुसून, त्याला नवी फीतसुद्धा घातली होती. दोन पानं टाइप झालेली शेजारी ठेवलेली, वर वजन म्हणून माझा चष्म्याचा डबा. तिसरं पान यंत्रात. ती खुर्चीत होती, मान एका बाजूला. मला वाटलं झोपली. मी म्हणलं, "अगं, लाइट आली नाही का अजून?"

मी तिला हात लावला तेव्हा गार लागली ती मला. आजही बोटांना ते माहीत आहे.

शेजारच्या बाईनं नंतर सांगितलं, दुपारभर खटखट चालू होती. दर थोड्या वेळानं थांबायची, परत सुरू व्हायची. काँप्युटरचं बटण पिसासारखं असतं. टाइपरायटरचं बटण मारावं लागतं, सगळ्या हातानं, खांद्यापासून. तिची ती सवय सुटली होती. चारच्या सुमारास थांबलं ते परत सुरू झालं नाही. शेजारणीला वाटलं, झालं काम.

डॉक्टर म्हणाले, आज नाही तर उद्या होणारच होतं. डॉक्टर भले माणूस आहेत. मी त्यांचं ते ऐकून घेतलं. मानलं नाही कधी.

यंत्रातल्या पानावर शेवटची ओळ अशी होती: "प्रार्थिनी की माता हृदय रोग से पीड़ित हैं और उनकी देखभाल करने वाला". पुढे कोरं.

संध्याकाळी पोरगी आली. सोबत जावई. दिवे लागायच्या वेळी लाइट आली आणि बाहेरच्या खोलीत पंखा सुरू झाला. तिच्या अंगावरची चादर हलायला लागली, म्हणून कोणीतरी उठून बंद केला. सूर्य बुडाला होता, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. तिचा भाऊ झाशीहून यायचा होता. मी भिंतीला टेकून होतो. आपट्याची पानं पिशवीत तशीच.

दसऱ्याची सकाळ झाली. लाइट नव्हती. बायका पाणी तापवत होत्या. तेवढ्यात मास्तर आला, दुपारच्या गाडीनं जाणारा. त्याला काही माहीत नव्हतं. जिन्यावरूनच हाक मारली, "काकी, अर्जियाँ तैयार हैं ना?" मग दारात येऊन बघितलं आणि तिथंच खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरलं. थोड्या वेळानं उठून म्हणाला, "मैं चलता हूँ, काका. रहने दीजिए."

मी म्हणलं, "बैठो."

आत गेलो. छापलेले दहा अर्ज काढून त्याला दिले. यंत्रातून ते पान काढलं. पोरीला हाक मारली. ती ओल्या केसांनी आली. मी पान तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि पदर तोंडात घातला.

"बाबा, हे आता कसं देणार? आई आहे म्हणून लिहिलंय ह्यात."

"माहीत आहे. दुसरं लिही."

"आत्ता? आई बाहेरच्या खोलीत अशी आणि मी अर्ज टाइप करू? लोक काय म्हणतील? तुम्ही वेडे झालात का?"

"गाडी दुपारी आहे. तिनं ह्याच्यासाठी..." मी म्हणलं, "बस तू. मी लाइट देतो."

पाटापाशी बसलो. झेंडू बाजूला केले. दसऱ्याची पूजा काही केली नाही. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. बाराही झाकणांत पाणी जिथवर पाहिजे तिथवर, तिनं बघून घेतलेलं. टोकांवर हळदकुंकू वाळलं होतं. ते अंगठ्यानं पुसलं. पाना घेतला, आधी लाल तार, मग काळी. ठिणगी उडाली. इन्व्हर्टर गुणगुणला. काँप्युटरची तार त्याच्यावर घेतली. पडदा निळा झाला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

पोरगी बसली. तिला थोडंफार येत होतं, आईनंच शिकवलेलं. आईची दोन पानं बघून बघून ती लिहीत गेली. बाहेर बायका कुजबुजत होत्या. एक जण दारात येऊन काही बोलणार होती, मला बघून वापस गेली. दर ओळीला मी म्हणत होतो, "सेव्ह कर." पोरगी म्हणाली, "बाबा, बॅटरीवर आहे ना." मी म्हणलं, "तरी कर."

तिसऱ्या पानावर ती थांबली.

"इथं आईचं होतं. काय लिहू?"

"माझं लिही."

"तुम्हाला काय आजार लिहू? दाखला पण नाही तुमचा."

"आजार नको. लिही, प्रार्थिनी के पिता अकेले हैं."

तिनं लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा पुसून परत लिहिलं.

"एवढंच?"

"एका ओळीत सांगायचं असतं. सेव्ह कर."

प्रिंटर खरखर करत पानं टाकत होता. पोरीनं सही केली, मास्तरानं अकरावा अर्ज खाली घालून गठ्ठा बांधला आणि हात जोडून गेला. बाहेरून शेजारीण म्हणाली, पाणी घातलंय अंगावर, आता हळदकुंकू लावायला या.

मी उठलो. मोरीत गेलो आणि हात सोड्यानं धुतले. एकदा धुतले, वास घेतला, परत धुतले. मग बाहेर तिच्याकडे गेलो.